चौथीचे अकरा कागद

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीचं काम गेलं, त्याला आता वर्ष उलटलं. ते का गेलं याची हकिकत तालुक्याच्या ऑफिसच्या फाइलीत आहे. ती वाचायला सोपी आहे, क्रमवार आहे, आणि ती तशी लिहायला मुलांना मीच शिकवलं होतं. मुलांनी लिहिलेल्या त्या हकिकतीत खोटं एक वाक्य नाही. तरी मावशीचं काम गेलं आणि जायला नको होतं.

शाळा कळंबच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. मी दहिवलीला राहते. सकाळी टमटम भरेपर्यंत थांबायचं, तीन जणांच्या जागेत चार जण बसून कळंबपर्यंत यायचं आणि तिथून पुढे पंचवीस मिनिटं चालायचं. नोकरीची बहुतेक वर्षं अशीच डोंगरकडेच्या शाळांत गेली. पूर्वी त्या चालण्यात मजा होती. आता गुडघे आहेत. वाटेत दोन्ही बाजूंना रिसॉर्टच्या कमानी झाल्यात, शनिवारी त्यांच्या गाड्या धूळ उडवत जातात आणि मी छत्री आडवी धरून कडेला उभी राहते. निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती. ती तरी घराजवळ काढावीत म्हणून मी बदलीचा अर्ज केला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्याच्या मुळाशी हा अर्ज आहे, दुसरं काही नाही.

त्या वर्षी वरून सूचना आली होती की मुलांच्या लेखनात क्रम दिसला पाहिजे. सूचना येतात. वर्षाला एक तरी नवीन येते आणि जुनी कुठे गेली ते कुणी विचारत नाही. पण ही सूचना खरं तर योग्य होती. आमची मुलं लिहायची ते सगळं ‘मग’वर चालायचं. चौथीतल्या एकाने जत्रेवर लिहिलं होतं: ‘मी जत्रेला गेलो मग पाळण्यात बसलो मग घरी आलो मग भजी खाल्ली मग पाळणा थांबला.’ मी त्याला विचारलं, अरे, तू पाळणा फिरत असतानाच घरी आलास का? तो म्हणाला, “नाय बाई, थांबल्यावर उतरलो. पन त्ये मला नंतर सुचलं.”

गंमत म्हणजे याच मुलांना क्रम तोंडपाठ होता. शेतीचं विचारा, एक चुकणार नाही. आधी पालापाचोळा पसरून राब भाजायचा, मग पेरायचं, रोप वर आलं की ते उपटून लावायची आवणी, त्यानंतर तण काढायची बेणणी, शेवटी कापणी आणि झोडणी. ही सगळी कामं त्यांनी केलेली. शेतात कुणी आवणीच्या आधी कापणी करत नाही, कागदावर मात्र बिनदिक्कत करतात. मी बिस्किटांच्या खोक्याचे पुठ्ठे कापून चार पाट्या केल्या: आधी, मग, त्यानंतर, शेवटी. चार मुलं पाट्या गळ्यात घालून उभी राहायची, बाकीची वाक्यं सांगायची. ‘शेवटी’ची पाटी सगळ्यांना हवी असायची. ती ज्याच्याकडे असेल त्याला कमी वेळ उभं राहावं लागतं, असं त्यांना वाटायचं.

लिहायचं कशावर, हा प्रश्न होता. चहा कसा करतात यावर लिहून घेतलं, त्यात कुणाला रस नव्हता. तेव्हा मला खिचडी सुचली. महिनाभर गॅसची टाकी आली नव्हती, म्हणून शाळेमागच्या शेडमध्ये चूल मांडली होती आणि वर्गाच्या खिडकीतून ती रोज दिसायची. धूर आत येई तेव्हा पाढे म्हणायचंही बंद होई. मी मावशीलाच वर्गात बोलावलं. म्हटलं, तू सांग, आम्ही लिहितो.

मावशी वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पण ती सगळ्या शाळेची मावशी, म्हणून माझीही. नवरा वारल्यावर तिने हे काम धरलं. गावातल्या बौद्धवाड्यातली. तिला काम मिळालं तेव्हा वरच्या आळीतल्या दोन घरांनी पंधरा दिवस आपल्या पोरांना डबे दिले होते. मग पोरंच डबे तसेच परत न्यायला लागली, कारण मावशीची खिचडी चांगली व्हायची, आणि ते प्रकरण मिटलं. निदान मिटलं असं मी धरून चालले. ती गावात कधी त्याबद्दल बोलली नाही. माझ्याकडे मात्र एकदा बोलली होती, “पोरं खात्यात ना बाई. पोरांना काय कलतंय.”

ती वर्गात आली, पदराला हात पुसले आणि दाराजवळच उभी राहिली. मुलं हसायला लागली. मी म्हटलं, सांग, आधी काय करतेस? ती म्हणाली, “आधी चूल पेटवायची, बाई. अजून काय?” मी फळ्यावर लिहिलं, ‘आधी मावशी चूल पेटवतात.’ तिने ते वाचण्याचा प्रयत्न केला. स्वतःची सही आणि बसच्या पाट्या एवढंच तिला येत होतं. मुलांनी एका सुरात वाचून दाखवलं तेव्हा ती लाजली आणि आणखी तीन वाक्यं सांगून पळाली. डाळ-तांदूळ धुण्याचं एक, टोपात टाकण्याचं एक आणि शेवटी मुलं जेवतात हे एक.

तो धडा फार चालला. मुलांनी तो चार-पाच वेळा लिहिला. केंद्राचे साहेब आले, त्यांनी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. मलाही बरं वाटलं. या वयात कौतुक करायला माणसं कमी असतात, फोटो असला तरी चालतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी टोप सांडला.

त्या दिवशी माझे सहकारी गुरुजी कर्जतला प्रशिक्षणाला गेले होते. चारही वर्ग माझ्याकडे. साडेबाराच्या सुमाराला तालुक्याच्या ऑफिसातून फोन आला की कुणी पाहुणे येणार आहेत, मुलं पंक्तीत बसून जेवताना दिसतील असा फोटो ताबडतोब पाठवा. मी व्हरांड्यात फोन कानाला लावून उभी. रेंज जात-येत होती. मुलं रांगेत ताटं घेऊन बसली होती आणि समोर खिचडीच नव्हती. एरवी टोप आणायचा तो मावशी आणि गुरुजी दोघं मिळून. मुलांनी चुलीजवळ जायचं नाही, हा नियम शेडच्या भिंतीवर लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात. मावशी चुलीतली लाकडं बाहेर ओढत होती. मी चौथीतल्या दोन मुलींना हाक मारली आणि म्हटलं, जा गं, टोप घेऊन या पटकन. त्या धावल्या. फडक्याने दोन्ही बाजू धरून त्यांनी टोप उचलला, शेडच्या पायरीवर एकीचा पाय सरकला आणि खिचडी तिच्या डाव्या पायावर सांडली.

ती मुलगी आधी ओरडलीच नाही. पायाकडे बघत राहिली. मावशीने तिला उचललं आणि पिंपाच्या नळाखाली तिचा पाय धरला. तेव्हा तिला रडू फुटलं. रिसॉर्टला गाद्या घेऊन निघालेला एक टेंपो रस्त्यावर थांबवला. पोरांना एका वर्गखोलीत बसवून शेजारच्या घरातल्या आजींना त्यांच्याजवळ ठेवलं. मावशी मागे गाद्यांवर मुलीला मांडीवर घेऊन बसली, मी पुढे. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत फोटोसाठी मला आणखी दोन फोन आले होते.

मुलीचे वडील दवाखान्यात आले ते थेट आमच्याकडेच. वरच्या आळीतले, पूर्वी डबा देणाऱ्या दोन घरांपैकी एका घरातले. त्यांनी विचारलं, “कुनी पाठवली तिला टोप आनायला?” मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांची चिठ्ठी वाचत होते. म्हणजे चिठ्ठी हातात होती. वडील थोडा वेळ थांबले, मग मावशीला म्हणाले, “तुज्या भरवशावर पोरं सोडायची का आमी?” तिने पदर सारखा केला. मी चिठ्ठीची घडी घातली. एवढ्यात नर्सने आत बोलावलं आणि तो क्षण निघून गेला. तेव्हा मी एक वाक्य बोलले असते तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. पण चौकशी लागली की बदली अडकते हे मला माहीत होतं. त्या आठवड्यातच याद्या व्हायच्या होत्या.

तक्रार झाली. चार दिवसांनी तालुक्याहून चौकशीला दुसरे साहेब आले. माणूस चांगला होता, मुलांशी हसून बोलला. मला म्हणाला, “बाई, मोठ्यांचे जबाब नंतर घेऊ. मुलांना लिहू द्या. मुलं खोटं लिहीत नाहीत.” चौथीच्या दहा मुलांना कोरे कागद दिले. अकरावी, पाय भाजलेली, घरी होती. साहेबांनी सांगितलं, त्या दिवशी काय काय झालं ते क्रमाने लिहा.

क्रमाने म्हटल्यावर मुलांचे चेहरे उजळले. हे त्यांना येत होतं. दहातल्या नऊ जणांनी पहिलं वाक्य लिहिलं, ‘आधी मावशींनी चूल पेटवली.’ दहाव्याने लिहिलं, ‘आधी मावशीने डाळ धुतली.’ मग टोपात टाकली, त्यानंतर खिचडी शिजली, शेवटी टोप पडला. जिने टोपाची दुसरी बाजू धरली होती तिचाही कागद तसाच. ‘त्यानंतर आम्ही टोप उचलला.’ उचलायला कुणी सांगितलं, याला त्या चार शब्दांत जागा नव्हती. मी व्हरांड्यात होते, फोनवर होते, हाक मारली, हे त्यांनी पाहिलं होतं. लपवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण खिचडीची गोष्ट मावशीपासून सुरू होते हे मी पाच वेळा गिरवून घेतलं होतं, आणि माझी मुलं शिकवलेलं विसरत नाहीत.

साहेबांनी दहाही कागद वाचले. मावशी, मावशी, मावशी, टोप पडला. ते म्हणाले, “लेखन छान आहे हो मुलांचं. इतक्या आतल्या शाळेत असं बघायला मिळत नाही.” आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. आधी आनंद झाला, सुटल्यासारखं त्यानंतर वाटलं, आणि लाज वाटली ती घरी जाताना टमटममध्ये. त्यांनी मला एकच विचारलं, तुम्ही त्या वेळी कुठे होता? मी म्हटलं, फोनवर होते, फोटोसाठी फोन आला होता. हे खरंच होतं. तो फोन कुठून आला होता हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही.

मावशीचा जबाब मी लिहिला. तिला लिहिता येत नाही म्हणून साहेबांनीच तसं सांगितलं आणि ते चहाला बाहेर गेले. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, “तुमीच लिवा बाई. तुमाला म्हाईत हाय ना सगलं.” मी लिहायला घेतलं. आपण रोजच्याप्रमाणे चूल पेटवली, खिचडी शिजवली, लाकडं बाहेर ओढत असताना दोन मुलींनी टोप उचलला, आपलं लक्ष नव्हतं. ‘आपलं लक्ष नव्हतं’ हे मी का लिहिलं? वाक्य पुरं व्हायला काहीतरी लागत होतं. मी ते तिला वाचून दाखवलं की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नाही दाखवलं. तिने विचारलंही नाही. पेन हातात घेऊन तिने एकेक अक्षर जोडत सही केली आणि शेड झाडायला गेली.

आता अकरावा कागद. तीन आठवड्यांनी ती मुलगी शाळेत आली. पायाला पट्टी, त्यावर वडिलांची मोठी चप्पल, फरफटत चालायची. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला की फाइल पुरी करायची आहे, तेवढा त्या मुलीचा कागद पाठवून द्या. मी तिला माझ्या टेबलाजवळ बसवलं आणि कागद दिला. बाकीची मुलं मैदानात होती. तिने पेन्सिलीने लिहिलं. मी वरून वाचत होते.

‘आधी बाईंनी मला हाक मारली. मला आनंद झाला कारण बाई मला कधी काम सांगत नाहीत. मग मी धावत गेले.’

ती वर्गातली गप्प मुलगी. काम सांगायचं तर मी चटपटीत मुलींना सांगायची. त्या दिवशी घाईत जी समोर दिसली तिला हाक मारली, एवढंच. तिचं तिसरं वाक्य वाचून मी खिडकीबाहेर पाहिलं. मग मी जे केलं ते मला आजही सांगवत नाही, पण सांगते. मी तिला म्हटलं, “अगं, खिचडीची गोष्ट कुठून सुरू होते? फळ्यावर आपण काय लिहिलं होतं?” आवाज नेहमीचाच होता. रागाचा नव्हता, समजावण्याचा होता. रोज दहा वेळा मी हे असंच म्हणते. तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि तिला वाटलं आपलं चुकलं. तिने खोडरबर घेतला. तिन्ही वाक्यं खोडली, कागद जरा फाटला. त्याच जागेवर तिने लिहिलं, ‘आधी मावशींनी चूल पेटवली.’ अक्षर वळणदार. सवयीने मी खाली बरोबरची खूण केली. मग लक्षात आलं की हा जबाब आहे, वही नाही, आणि ती खूण मला खोडावी लागली.

पुढच्या महिन्यात मावशीला काढलं आणि दुसरी बाई आली. मावशी शेडची किल्ली आणि खिचडी वाढायचा मोठा डाव द्यायला वर्गाच्या दाराशी आली. डाव घासूनपुसून आणला होता. मी किल्ली घेतली. तिने विचारलं, “पोरीचा पाय भरला का?” मी म्हटलं, भरतोय. ती म्हणाली, “खोबरेल लावा बोला तिच्या आईला. डाग जाईल.” आणि गेली. मुलांनी खिडकीतून तिला हात केला. तिला काढलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपण लिहिलेल्या कागदांनी ती गेली हे तर त्यांना आजही माहीत नसेल.

जूनमध्ये माझी बदली झाली. दहिवलीलाच, घरापासून दहा मिनिटांवर. मला वाटलं होतं की पहिल्या दिवशी हायसं वाटेल. घरी येऊन दुपारी झोपले, एवढंच. थकवा चालण्याचा आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. चालणं संपलं, थकवा आहे तिथेच आहे. नव्या शाळेत छापील रंगीत पाट्या आहेत, आधी, मग, त्यानंतर, शेवटी. मी त्या शिकवते. न शिकवायचं कारण तरी कुणाला सांगणार? पण मुलांनी पहिलं वाक्य लिहिलं की मी पूर्वीसारखी पुढे जात नाही, तिथेच घुटमळते, आणि मुलं कंटाळतात.

दिवाळीनंतर एका मुलीने हरवलेल्या डब्यावर लिहिताना मला विचारलं, “बाई, आधीच्या पण आधी एक झालं होतं. ते कुठे लिहू?” मी म्हटलं, वर जागा आहे ना, तिथे लिही. तिने लिहिलं आणि वही मिटून टाकली. त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी कागद घेऊन बसले. टोप आणायला मुलींना मी पाठवलं. अकराव्या मुलीचा जबाब मी बदलायला लावला. मावशीच्या जबाबातलं ‘लक्ष नव्हतं’ हे वाक्य माझं आहे. सगळं लिहिलं, खाली सही केली. दीड पान झालं. नवऱ्याने वाचून विचारलं, “आता? अडीचातलं दीडच वर्ष राहिलंय ना?” मी म्हटलं, म्हणूनच. खरं तर म्हणूनच वगैरे काही नव्हतं. पाठीवरचं ओझं कुठेतरी टेकवायचं होतं, आणि तेही माझ्या सोयीने, बदली झाल्यावर.

ऑफिसमधल्या क्लार्कने अर्ज उभ्याउभ्याच वाचला. म्हणाला, “मॅडम, फाइल बंद झाली. नवीन बाई लागली. तिला काढायचं का आता?” त्याने आवकचा शिक्का मारून माझी प्रत मला दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मावशी आता खालापूरला असते. लेक तिथे दिली आहे, तिच्याजवळ राहते आणि टोल नाक्याच्या अलीकडे एका हॉटेलात भांडी घासते. मी शनिवारी सकाळची शाळा करून खोपोलीमार्गे गेले. हॉटेलच्या मागच्या बाजूला पाण्याचे हौद आणि उष्ट्या ताटांचे ढीग होते. ती मला बघून उठली, हात झटकले आणि एक उलटा क्रेट माझ्याकडे सरकवला. बरी दिसत होती. वाळली होती. चहा सांगू का विचारलं. मी नको म्हटलं. पोरीच्या पायाचं विचारलं तिने. मी म्हटलं, डाग राहिलाय.

मग मी तिला सांगितलं की मी ऑफिसला लिहून दिलं आहे, माझी चूक होती, तुझी नव्हती. प्रत काढून पूर्ण वाचून दाखवली. या वेळी वाचून दाखवली. ती हौदाच्या कठड्याला टेकून ऐकत होती, मान हलवत होती. ‘मी दोघी मुलींना हाक मारली आणि टोप आणायला पाठवलं’ या वाक्याला तिने डोळे मिटले. वाचून झाल्यावर तिने हौदातलं एक ताट विसळून कडेला ठेवलं. मला वाटलं, तिला बरं वाटत असावं. मी थोडी वाटही बघत होते, तिने काहीतरी बोलावं, राहू दे बाई म्हणावं, माणसं म्हणतात तसं.

ती म्हणाली, “आनि मी बोलली व्हती त्ये?”

मी विचारलं, काय?

“पोरींना पाठवू नका, टोप लय गरम हाय, मी आनते. मी शेडमधून बोलली व्हती ना तुमाला. दोनदा बोलली. तुमी फोनवर व्हता, असा हात केलात.” तिने ओला हात उचलून दाखवला. गप्प बस, कळलं, अशा अर्थाचा तो हात. माझाच होता. मी वर्गात दिवसभर करते तो. “मला वाटलं माज्या जबाबात तुमी त्ये लिवलं आसंल. तरी काडली म्हनून मी कुनाला काय बोलली नाय. मनात म्हनली, लिवूनबी काडली तर आता बोलून काय करायचं.”

हे मला आठवत नव्हतं असं मी इथे लिहू शकते. कुणाला कळणार नाही. पण आठवत होतं. मुलांच्या कागदात ते नव्हतं. मावशीच्या जबाबात मी ते घातलं नाही. त्या रविवारी दीड पान लिहिताना मी ते घातलं नाही, आणि वर टोप सांडल्याची हकिकत लिहिली आहे, तिच्यातही नाही. मावशी लाकडं ओढत होती, एवढंच लिहून मी पुढे गेले. ऐकूनही पाठवलं आणि न ऐकता पाठवलं, यात किती अंतर आहे ते मला बरोबर ठाऊक आहे. शिकवण्यात आयुष्य गेलं माझं.

मी तिला म्हटलं, “ते यात नाही, मावशी.”

ती कागदाकडे बघत राहिली, जणू तिला वाचता येत होतं. आतून कुणीतरी ताटांसाठी ओरडलं. तिने साडी खोचली.

“मंग त्ये पन लिवा,” ती म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.